वर्गातले जस्ट आणि समुद्राकाठचे जस्ट

प्राध्यापकाचे चरित्र लिहिणे मोठे अवघड काम आहे. सेनापतीच्या आयुष्यात लढाया असतात, नटाच्या आयुष्यात रंगभूमी असते, पुढाऱ्याच्या आयुष्यात तुरुंग आणि निवडणुका असतात. प्राध्यापकाच्या आयुष्यात काय असते? सकाळचा पहिला तास, खडूची धूळ, जूनमधले प्रवेश, मार्चमधल्या परीक्षा आणि दर वर्षी समोर येणारी त्याच वयाची पोरे. पोरांचे वय तेच राहते. मास्तर तेवढे म्हातारे होत जातात. यातून चरित्रकाराने गोष्ट काढायची कशी?

आपल्याकडे यावर एक सोपी तोड निघालेली आहे. तिचे नाव गौरवग्रंथ. प्राध्यापक निवृत्त झाले, की माजी विद्यार्थी वर्गणी काढतात, एक समिती नेमतात, आणि मग शेदोनशे पानांत तीस-चाळीस मंडळी एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत लिहितात: सर वरून कडक होते, पण आतून प्रेमळ होते. माझ्या कपाटात असे दहाबारा ग्रंथ आहेत. त्यांतला प्रेमाचा भाग खराच असतो. पण ते वाचून सर नेमके काय शिकवीत, कसे शिकवीत, कोणावर त्यांचा जीव होता आणि कोणावर त्यांनी अन्याय केला, हे काही केल्या कळत नाही. फुलांच्या ढिगाखाली मूर्ती झाकून जावी तसे होते.

म्हणूनच केनेथ मॅनिंग यांचे ‘ब्लॅक अपोलो ऑफ सायन्स’ हे चरित्र मला जवळचे वाटत आले आहे. ते १९८३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या विज्ञानेतिहासाच्या अभ्यासकांनी त्याला आपले मानाचे फायझर पारितोषिक दिले. आता त्याला चाळीस वर्षे उलटून गेली. एवढ्या काळानंतर पुस्तकाचे गुणही निवळून दिसतात आणि उणिवाही. चरित्रनायक आहेत अर्नेस्ट एव्हरेट जस्ट: वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरीत असलेले, प्राणिशास्त्र शिकवणारे एक कृष्णवर्णीय प्राध्यापक. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. म्हणून आधी थोडी हकीकत सांगतो, आणि मग पुस्तकाशी माझे जे भांडण आहे ते मांडतो.

जस्ट यांचा जन्म १४ ऑगस्ट १८८३ चा, साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन या बंदराच्या गावचा. वडील धक्के बांधण्याच्या कामावर होते. मुलगा चार वर्षांचा असताना ते वारले. आई मेरी शाळा चालवीत असे, आणि तेवढ्यावर भागत नाही म्हणून फॉस्फेटच्या खाणीत मजुरीही करीत असे. ही बाई विलक्षण असली पाहिजे. तिने आसपासच्या कष्टकरी कृष्णवर्णीयांना एकत्र करून एक वस्ती उभी केली, आणि लोकांनी त्या वस्तीला तिच्याच नावावरून मेरीव्हिल म्हटले. लहानपणी अर्नेस्टला विषमज्वर झाला. त्यातून तो उठला तेव्हा वाचायला विसरला होता. आईने त्याला पुन्हा अक्षरापासून शिकवले. पुढे ज्याने जगाला पाहायला शिकवले त्याची पहिली शिक्षिका अशी घरातच होती.

पुढची वाट नेहमीची आहे, आणि नेहमीची नाहीही. दक्षिणेत शिकून पुढे जाण्याची सोय नव्हती म्हणून मुलगा १९०० साली उत्तरेला न्यू हॅम्पशरमधल्या किंबल युनियन अकॅडमीत गेला. तो तिथे शिकत असतानाच आई गेली. १९०३ साली त्याने डार्टमथ कॉलेजात नाव घातले आणि १९०७ साली उच्च सन्मानासह पदवी घेतली. अशा पदवीधराला गोऱ्यांच्या कोणत्याही कॉलेजात सहज जागा मिळाली असती, पण त्यासाठी त्याचे कातडे गोरे असावे लागले असते. कातडे काळे असलेल्या विद्वानाला त्या काळी कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांचेच काय ते दार उघडे होते. जस्ट हॉवर्ड विद्यापीठात आले, आणि आले ते इंग्रजीचे शिक्षक म्हणून! मुलांना निबंध लिहायला शिकवीत, त्यांची नाटके बसवीत. विद्यापीठातले पहिले नाट्यमंडळ उभे करण्यात त्यांचा हात होता. १९११ च्या नोव्हेंबरात तीन विद्यार्थ्यांनी त्यांच्याच खोलीत बसून ‘ओमेगा साय फाय’ ही विद्यार्थ्यांची बंधुसंस्था स्थापन केली. ती आजही चालू आहे. मध्यंतरी विद्यापीठाने त्यांना जीवशास्त्राकडे वळवले, आणि १९१२ साली ते प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

एका बाजूला हे चालले असताना १९०९ च्या उन्हाळ्यात जस्ट मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वूड्स होल येथे गेले. तिथल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक फ्रँक लिली हे शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांच्या हाताखाली जस्ट यांनी काम सुरू केले. पुढची वीसएक वर्षे हा क्रम जवळजवळ अखंड चालला: हिवाळ्यात वॉशिंग्टनला वर्ग, उन्हाळ्यात समुद्राकाठी अंडी.

अंडी म्हटल्यावर वाचकांनी कोंबडीची अंडी डोळ्यांपुढे आणू नयेत. समुद्रातले कितीतरी जीव आपली अंडी आणि शुक्रजंतू सरळ पाण्यात सोडून देतात, आणि फलन उघड्या पाण्यात होते. म्हणजे जीवाची सुरुवात कशी होते हे पाहायचे असेल तर कोणाचे पोट फाडण्याची गरज नाही. काचेच्या वाटीत समुद्राचे पाणी घ्यावे, त्यात अंडी सोडावी, शुक्रजंतूंचा एक थेंब टाकावा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसावे. जस्ट यांचे आवडते प्राणी तीन: नेरीस नावाचा सागरी किडा, सी-अर्चिन हा काटेरी चेंडूसारखा जीव, आणि सँड डॉलर, जो आपल्या नवरात्रातल्या कडाकणीसारखा चपटा आणि गोल असतो. यांतली नेरीस मोठी लहरी. उन्हाळ्यातल्या अंधाऱ्या रात्रीच ती पाण्याच्या वरच्या थराला येऊन नाचते. तेव्हा कंदील आणि जाळे घेऊन धक्क्यावर जाऊन बसावे लागते. लिली आणि जस्ट यांनी १९१३ साली या किड्याच्या प्रजननाच्या सवयींवर जो लेख लिहिला, त्यामागे अशा रात्री होत्या.

त्या वाटीत जस्ट यांनी काय पाहिले? पहिली गोष्ट अशी की नेरीसच्या अंड्यात शुक्रजंतू ज्या जागी शिरतो त्या जागेवरूनच अंड्याची पहिली दुभागणी जाते. १९१२ चा त्यांचा पहिला शोधनिबंध याच विषयावर आहे. आत येणारा पाहुणा ज्या दारातून आला त्या दारावरून सबंध घराची वाटणी ठरावी, असा हा प्रकार! दुसरी गोष्ट याहून मोठी. अंड्याभोवती शुक्रजंतूंची गर्दी हजारोंनी असते, मग आत एकच कसा शिरतो? एकाहून अधिक शिरले तर गर्भ बिघडतो. जस्ट यांनी सँड डॉलरच्या अंड्यात पाहिले की पहिला शुक्रजंतू चिकटतो न चिकटतो तोच त्या जागेपासून अंड्याच्या पृष्ठभागावर बदलाची एक लाट उठते आणि सबंध अंड्यावर पसरत जाते. ती जिथे पोचली तिथे दुसऱ्याला प्रवेश नाही. डोळ्यांना दिसणारा पडदा त्यानंतर वर उचलला जातो. म्हणजे पडद्याच्या आधीच दाराला अडसर पडलेला असतो. हे १९१९ च्या सुमाराचे काम. १९७६ साली लॉरिंडा जॅफी यांनी सी-अर्चिनच्या अंड्यावर प्रयोग करून दाखवले की पहिला, चटकन बसणारा अडसर विद्युत् स्वरूपाचा असतो. जस्ट यांच्यापाशी ती उपकरणे नव्हती. त्यांच्यापाशी होते डोळे, धीर आणि स्वच्छ काच.

स्वच्छ काच हे मी शोभेसाठी लिहिलेले नाही. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता पुस्तकाकडे वळू. मॅनिंग यांचे सगळ्यांत मोठे सामर्थ्य हे, की त्यांनी कागदपत्रांचे अरण्य पालथे घातले आहे. पत्रे, अहवाल, अनुदानाचे अर्ज, त्यांना आलेले नकार, हे सारे त्यांनी गोळा केले आणि त्यातून एक गोष्ट लख्ख उभी केली: विज्ञान पैशावर चालते, आणि पैसा माणसाचे तोंड पाहून येतो. १९१५ साली कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेने आपले पहिलेवहिले स्पिनगार्न पदक जस्ट यांना दिले. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते, आणि त्यांची डॉक्टरेटसुद्धा व्हायची होती. ती शिकागोहून १९१६ साली मिळाली. १९२० पासून ज्यूलियस रोझेनवॉल्ड या धनिकाच्या देणगीतून त्यांना संशोधनासाठी साह्य मिळू लागले. पण दात्यांच्या मनात एक हिशेब पक्का होता: कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाने कृष्णवर्णीय डॉक्टर आणि शिक्षक तयार करावेत, त्यातच त्याचे सार्थक आहे. जस्ट यांच्या मनातला हिशेब निराळा होता. त्यांना शास्त्रज्ञ व्हायचे होते, विशेषणावाचून. १९२६ साली मॉर्डेकाय जॉन्सन हॉवर्डचे अध्यक्ष झाले. त्या जागेवर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांना विद्यापीठ उभे करायचे होते, आणि त्यांच्या दृष्टीने विभागाला मिळालेली देणगी ही विद्यार्थ्यांसाठी होती. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते, आणि म्हणूनच हे भांडण वाचताना जीव तुटतो. मॅनिंग यांनी ते मोठ्या समतोलपणाने सांगितले आहे. लिलींचे चित्रही असेच सुरेख उतरले आहे. त्यांनी शिष्याला घरात घेतले, लेखनात सहकारी केले. १९२४ च्या ‘जनरल सायटॉलॉजी’ या मोठ्या ग्रंथातले फलनावरचे प्रकरण दोघांच्या नावाने आहे. आणि तरीही आपल्या तोलामोलाच्या विद्यापीठातली खुर्ची या शिष्याला कधी मिळाली नाही. गुरूचा हात पाठीवर होता. पाठ मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली.

येथपर्यंत माझे मॅनिंग यांच्याशी एकमत आहे. मतभेद पुढे सुरू होतो.

तीस वर्षांच्या प्राध्यापकाचे हे चरित्र. त्यात समुद्र आहे, बोटी आहेत, बर्लिन आणि पॅरिस आहे, देणगीदारांच्या कचेऱ्या आहेत, प्रेमप्रकरणही आहे. पण वर्ग? वर्ग मोजून चार ठिकाणी डोकावतो, आणि डोकावतो तेव्हा बहुधा ओझे म्हणून. तासांचे ओझे, प्रयोगवह्यांचे ओझे, वैद्यकीय महाविद्यालयातल्या शरीरक्रियाशास्त्राच्या व्याख्यानांचे ओझे. जस्ट यांना स्वतःला ते ओझे वाटत होते, ही गोष्ट खरी, आणि वर्णद्वेषाने ते लादले होते हेही खरे. पण चरित्रकाराने नायकाच्या डोळ्यांनीच सारे पाहिले तर फळ्याच्या पलीकडे बसलेली ती शेकडो मुले कोणाच्या डोळ्यांनी पाहायची? त्यांच्यासाठी ते ओझे नव्हते. ते त्यांचे कॉलेज होते. त्यांच्या आजोबांना अक्षर शिकण्याची बंदी होती, आणि ती मुले सूक्ष्मदर्शकाशी बसत होती.

त्यांतल्या एका विद्यार्थिनीचे नाव रॉजर अर्लायनर यंग. नाव पुरुषाचे वाटले तरी ही मुलगी. १९२१ साली ती जस्ट यांच्या वर्गात आली. गुण बेताचेच होते. पण जस्ट यांना तिच्यात काहीतरी दिसले. चांगल्या शिक्षकाची ओळख इथेच पटते. गुणपत्रिकेत जे दिसत नाही ते त्याला दिसते. १९२३ साली ती पदवीधर झाली आणि त्याच विभागात शिकवू लागली. १९२४ साली पॅरामीशियमवरचा तिचा निबंध ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात छापून आला. १९२६ साली तिने शिकागोची एम्. एस्सी. केली, १९२७ पासून जस्ट तिला वूड्स होलला नेऊ लागले, आणि १९२९ साली ते युरोपात गेले तेव्हा विभागाचा कारभार तिच्यावर पडला. तास, प्रयोग, विभागाचे कागद, घरी अंथरुणाला खिळलेली आई, आणि वर डॉक्टरेटचा अभ्यास. १९३० साली ती शिकागोच्या पात्रता परीक्षेत नापास झाली. त्यानंतर गुरुशिष्येत बेबनाव झाला. तक्रारी झाल्या, प्रवाद उठले, आणि १९३६ साली तिला हॉवर्डमधून जावे लागले. नवल हे की ती मोडली नाही. लुइस हाइलब्रुन यांच्या हाताखाली तिने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९४० साली डॉक्टरेट मिळवली, आणि प्राणिशास्त्रात ती पदवी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री ठरली. उत्तरायुष्यात तिला मनाच्या आजाराने गाठले. १९६४ साली ती वारली.

ही हकीकत जस्ट यांच्या चरित्रात बाजूची गोष्ट नाही. माझ्या मते ती या चरित्राची कसोटी आहे. ज्या माणसाने आयुष्यभर तक्रार केली की मला संशोधनाला वेळ मिळत नाही, शिकवण्याचे जोखड मानेवर आहे, त्याने ते जोखड उतरवून ठेवले ते कोणाच्या मानेवर? आपल्या सगळ्यांत हुशार विद्यार्थिनीच्या. तिला डॉक्टरेट हवी होती, त्यांना युरोप हवा होता, युरोप मिळाला. मॅनिंग यांना हे दिसले नाही असे मी म्हणणार नाही. त्यांनीच पुढे १९८९ साली यंगबाईंवर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि तो सहानुभूतीने लिहिला. पण मोठ्या चरित्रात जी जागा तिला मिळायला हवी होती ती मिळाली नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातूनही अन्याय होऊ शकतो, ही गोष्ट चरित्रकाराने त्याच ग्रंथात, त्याच आवाजात सांगायला हवी होती. त्याने नायक लहान झाला नसता. सासुरवास भोगलेली सासू आपल्या घरोघरी माहीत आहे. तिच्याबद्दल कळवळा वाटतो म्हणून सुनेची बाजू कोणी मांडायचीच नाही की काय?

असे असले तरी जस्ट हे वाईट शिक्षक होते, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही चुकेल. शिक्षक जस्ट यांना शोधायचे असेल तर मॅनिंग यांचे पुस्तक क्षणभर बाजूला ठेवावे आणि जस्ट यांचे स्वतःचे एक पुस्तक हाती घ्यावे. १९३९ साली त्यांची दोन पुस्तके फिलाडेल्फियाच्या एकाच प्रकाशकाने काढली. एक ‘द बायॉलॉजी ऑफ द सेल सरफेस’, त्यांचा तत्त्वग्रंथ. सगळे त्याच्याविषयी बोलतात. दुसरे सागरी प्राण्यांच्या अंड्यांवर प्रयोग करण्याच्या मूलभूत पद्धतींचे एक छोटे हातपुस्तक. त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मला विचाराल तर प्राध्यापक जस्ट त्या हातपुस्तकात भेटतात.

त्या पुस्तकात सिद्धान्त जवळजवळ नाहीत. काचेची भांडी कशी स्वच्छ करावी, प्राणी पकडल्यावर त्यांना कसे वागवावे, अंडी उन्हात तापू देऊ नयेत, पाणी कधी बदलावे, प्रयोगाआधी त्याच अंड्यांतली थोडी बाजूला काढून ती निरोगीपणे वाढतात की नाही हे पाहून घ्यावे, असा सारा मजकूर. स्वयंपाकघरात आजीने नातीला पाकाची तार दाखवावी, तशी ही शिकवण. एकतारी पाक म्हणजे काय हे पुस्तकात लिहिता येते, पण बोटांमध्ये धरून दाखवल्यावाचून कळत नाही. आणि तार चुकली की रव्याचे लाडू बसत नाहीत, मग तूप कितीही ओता. जस्ट यांचे म्हणणे नेमके हेच होते. मोठमोठे शास्त्रज्ञ अर्धमेल्या अंड्यांवर प्रयोग करून जीवनाचे सिद्धान्त मांडतात. त्यांनी आधी धड अंडे कसे असते ते पाहावे. १८९९ साली ज्याक लोब यांनी क्षारांच्या द्रावणात ठेवून शुक्रजंतूवाचून अंडे वाढवून दाखवले आणि त्यांचा जगभर गाजावाजा झाला. त्या लोबांच्या उपपत्तीवर जस्ट यांनी जी टीका केली तिचे मूळ या हातकसबात आहे. अंड्याला बाहेरून कोणी जीव देत नाही. प्रतिसाद देण्याची शक्ती अंड्याच्या अंगचीच असते, बाहेरचा धक्का निमित्तमात्र, असे त्यांचे मत होते.

शिक्षकाविषयी याहून चांगले वाक्य मला सुचत नाही. विद्यार्थ्याच्या अंगीच जे असते ते जागे व्हावे एवढेच शिक्षकाच्या हाती असते. जस्ट यांनी ते अंड्याविषयी ओळखले होते. आपल्या विद्यार्थ्यांविषयी ते नेहमीच आठवले असते तर किती बरे झाले असते!

तत्त्वग्रंथाविषयी दोन शब्द. पेशीचा पृष्ठभाग हे नुसते वेष्टन नाही, बाहेरचे जग आणि आतला जीव यांची गाठ तिथे पडते, आणि जीवनाच्या साऱ्या घडामोडींत तो भाग घेतो, हा त्यांचा विचार आज कोणालाही परका वाटणार नाही. पण त्याच भरात त्यांनी केंद्रकाला आणि जनुकांना जी दुय्यम जागा दिली ती पुढच्या संशोधनात टिकली नाही. स्टीफन जे गूल्ड यांनी जस्ट यांच्यावर एक उत्तम निबंध लिहिला आहे. तो ‘द फ्लेमिंगोज स्माइल’ या १९८५ च्या संग्रहात सापडेल. जीव म्हणजे निव्वळ यंत्र म्हणणारे एका टोकाला, आणि जीवात काही गूढ शक्ती मानणारे दुसऱ्या टोकाला. जस्ट या दोहोंच्या मध्ये उभे होते, असे गूल्ड दाखवतात. मॅनिंग यांच्या ग्रंथात विचारांचा हा भाग अपुरा पडतो. दोन्ही एकत्र वाचावे म्हणजे ताट पूर्ण होते.

शेवटची वर्षे झरझर सांगतो, कारण ती मॅनिंग यांच्याच शब्दांत वाचावी अशी आहेत. १९२९ साली जस्ट नेपल्सला गेले, १९३० साली बर्लिनच्या कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेत. तिथे त्यांना कोणी रंग विचारला नाही. त्याच उन्हाळ्यात लिलींच्या साठीच्या समारंभासाठी ते वूड्स होलला आले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, की इतक्या वर्षांत इथे मिळाला नाही एवढा बंधुभाव मला बर्लिनमध्ये थोड्या काळात मिळाला. त्यानंतर ते वूड्स होलला परतले नाहीत. पण ज्या बर्लिनने त्यांना माणूस म्हणून वागवले तिथे १९३३ साली हिटलर आला. मग फ्रान्स, रॉस्कॉफचा किनारा, पहिला विवाह मोडून १९३९ साली हेडविग श्नेट्स्लर या जर्मन विदुषीशी केलेला दुसरा विवाह. १९४० साली जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, आणि त्यांना काही काळ स्थानबद्धतेत काढावा लागला. सुटून ते अमेरिकेला परतले, पुन्हा हॉवर्डला, ज्या वर्गापासून पळण्यात उमर गेली त्याच वर्गाच्या दारी. २७ ऑक्टोबर १९४१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. लिलींनी ‘सायन्स’मध्ये मृत्युलेख लिहिला आणि शिष्याच्या सबंध कारकिर्दीत शोकान्ताचा एक धागा होता हे मोकळेपणाने मान्य केले. १९९६ साली अमेरिकन टपाल खात्याने जस्ट यांचे तिकीट काढले.

हे सारे महाराष्ट्रातल्या वाचकाने दिवाळीत कशासाठी वाचावे? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केली. म्हणजे हे नाते आजचे नाही. जस्ट यांना पदक मिळाले त्या १९१५ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ज्यांच्या घरात शिक्षणाचा दिवा पहिल्यांदाच लागला अशी कितीतरी माणसे नंतर आपल्याकडे प्राध्यापक झाली. त्यांच्याकडूनही समाजाने हाच दुहेरी हिशेब मागितला: तुम्ही आपल्यांना वर काढा, आणि वर काढता काढता स्वतः काय व्हायचे ते रात्री जागून व्हा. अशा माणसाचे चरित्र आपल्याकडे कोणी लिहायला बसेल तेव्हा त्याला मॅनिंग यांचे पुस्तक जवळ ठेवावे लागेल. कागदपत्रे कशी शोधावी, दात्यांच्या औदार्यातला हिशेब कसा वाचावा, हे त्यांच्याकडून शिकावे. गौरवग्रंथाची फुले बाजूला कशी सारावी हेही शिकावे.

आणि जे त्यांनी कमी केले ते आपण अधिक करावे. नायकाचे कागद पाहून झाल्यावर हजेरीपत्रकही पाहावे. त्यात जी नावे असतील त्यांतल्या एखाद्या रॉजर यंगचे पुढे काय झाले हे विचारावे. प्राध्यापकाचे शोध त्याच्या निबंधांत छापलेले असतात. ते पुसले जात नाहीत. त्याची शिकवण मात्र दुसऱ्यांच्या आयुष्यात लिहिलेली असते, आणि ती वाचायची तर त्या दुसऱ्यांच्या दारापर्यंत जावे लागते. मॅनिंग यांच्या चरित्राला हा एक रस्ता चालायचा राहिला. बाकी पुस्तक उत्तम आहे. ज्यांच्या घरात कोणी शिक्षक असेल त्यांनी ते अवश्य वाचावे. आणि ज्यांच्या घरातली मुलगी यंदा कॉलेजात गेली असेल त्यांनी तर वाचून तिच्या हाती द्यावे.